अनिश्चितता, व्यवस्थापन आणि कारखान्याची उत्पादकता: निकोलस ब्लूम यांच्या संशोधनाबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

निकोलस ब्लूम कोण, आणि इथल्या कारखानदाराने त्यांचे काम का वाचावे?

ब्लूम मूळचे ब्रिटिश. अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठात ते अर्थशास्त्राचे प्राध्यापक आहेत. त्याआधी त्यांनी ब्रिटनच्या अर्थखात्यात आणि मॅकिन्झी या सल्लागार कंपनीत काम केले. त्यांच्या कामाचे दोन मोठे धागे आहेत. पुढे काय होणार हे कळत नसले की कंपन्या कशा वागतात, हा पहिला. एकाच धंद्यातल्या, शेजारीशेजारी उभ्या असलेल्या दोन कारखान्यांच्या उत्पादनात इतका फरक का पडतो, हा दुसरा. या दुसऱ्या प्रश्नावरचा त्यांचा सर्वांत गाजलेला प्रयोग बोईसरजवळच्या तारापूर औद्योगिक वसाहतीत आणि गुजरातच्या हद्दीतल्या उंबरगावात झाला. म्हणजे इचलकरंजी, भिवंडी किंवा मालेगावच्या मागवाल्याला तो परका वाटायचे कारण नाही.

उत्पादकतेतला फरक म्हणजे नेमका किती?

अमेरिकेत उद्योगांच्या एकाच बारीक गटातले कारखाने उत्पादकतेनुसार ओळीने लावले, तर वरच्या दहा टक्क्यांच्या सीमेवरचा कारखाना त्याच सामग्रीत आणि तेवढ्याच माणसांत खालच्या दहा टक्क्यांच्या सीमेवरच्या कारखान्याच्या जवळपास दुप्पट माल काढतो. अर्थशास्त्रज्ञ चॅड सायव्हर्सन यांच्या मोजणीत हे प्रमाण 1.9 पट आहे. भारत आणि चीनमध्ये हीच दरी पाचपटींहून मोठी असल्याचे चँग-ताय शे आणि पीटर क्लेनो या अर्थशास्त्रज्ञांनी दाखवले. यातला काही भाग मोजमापाच्या चुकांचा असणार, हे खरे. पण उरलेल्याचे काय? यंत्रे जुनी, कामगार अप्रशिक्षित, भांडवल महाग, ही नेहमीची कारणे मोजून वजा केली तरी बरीच दरी शिल्लक राहते. ती ‘व्यवस्थापना’च्या नावावर टाकणे सोपे आहे. अडचण अशी होती की व्यवस्थापन मोजायचे कसे, हेच ठरलेले नव्हते.

मग व्यवस्थापन मोजतात कसे?

ब्लूम आणि जॉन व्हॅन रीनन यांनी 18 पद्धतींची प्रश्नावली तयार केली. उत्पादनावर लक्ष कसे ठेवता, उद्दिष्टे कशी ठरवता, चांगल्या आणि कामचुकार माणसाचे काय करता, असे तिचे ढोबळ भाग आहेत. प्रत्येक पद्धतीला 1 ते 5 गुण. मुलाखत फोनवर, साधारण पाऊण तासाची, कारखान्याच्या व्यवस्थापकाशी. मुलाखत घेणारे बहुतेक एमबीएचे विद्यार्थी.

खरी करामत प्रश्न विचारण्याच्या पद्धतीत आहे. ‘तुम्ही दोषांची नोंद ठेवता का?’ असे विचारले तर कोण नाही म्हणेल? म्हणून प्रश्न मोकळा ठेवतात: ‘लाइनवर काही बिघडले तर ते तुम्हाला कसे कळते? मागच्या खेपेला काय बिघडले होते? मग काय केलेत?’ उदाहरणे मागत गेले की उत्तर आपोआप खरे होत जाते. आपल्याला गुण दिले जात आहेत हे व्यवस्थापकाला माहीत नसते आणि कंपनी नफ्यात आहे की तोट्यात हे मुलाखतकाराला माहीत नसते. 2007 साली छापलेल्या पहिल्या मोठ्या अभ्यासात अमेरिका, ब्रिटन, फ्रान्स आणि जर्मनीतल्या 732 मध्यम आकाराच्या कंपन्या होत्या. पुढे हेच ‘जागतिक व्यवस्थापन सर्वेक्षण’ म्हणून अनेक देशांत पसरले.

आपल्याच कंपनीला स्वतः गुण देऊन पाहिले तर?

उपयोग शून्य. सर्वेक्षणात शेवटी व्यवस्थापकाला हेच विचारतात: तुमचे व्यवस्थापन 10 पैकी किती? उत्तरे 7 च्या आसपास घोटाळतात आणि खऱ्या गुणांशी त्यांचा जवळजवळ काही संबंध निघत नाही. स्वतःला तपासायचेच असेल तर दुसऱ्या गावातल्या, आपल्या स्पर्धेत नसलेल्या कारखानदाराला बोलवा आणि ‘कालची नोंद दाखवा’ एवढेच विचारायला सांगा. वही लगेच टेबलावर आली नाही, तर ती वही रोज वापरली जात नाही, असे समजायला हरकत नाही.

या सर्वेक्षणात भारत कुठे आहे?

सरासरीत अमेरिका सर्वांत वर आणि भारत बराच खाली. पण सरासरीने फसू नये. भारतातल्या चांगल्या कंपन्या अमेरिकी सरासरीच्या वर आहेत. आपल्याकडे खालची शेपटी लांब आहे, म्हणजे अगदी कमी गुणांच्या कंपन्या खूप आणि त्या तरीही बाजारात टिकून. स्पर्धा जिथे कडक, तिथे ही शेपटी आखूड होते. घराण्याची मालकी असणे हा स्वतःहून दोष नाही. मालकी घराण्याची आणि कारभारीही थोरला मुलगाच, केवळ थोरला म्हणून, अशा कंपन्यांचे गुण मात्र घसरलेले दिसतात.

तारापूरच्या प्रयोगात नेमके काय केले?

ब्लूम, बेन आयफर्ट, अप्राजित महाजन, डेव्हिड मॅकेन्झी आणि जॉन रॉबर्ट्स यांचा हा अभ्यास. काम 2008 साली सुरू झाले आणि निबंध 2013 मध्ये छापून आला. तारापूर आणि उंबरगावात 100 ते 1000 कामगार असलेल्या 66 सुती कापड विणणाऱ्या कंपन्या निवडीसाठी समोर होत्या. त्यांतल्या 17 तयार झाल्या. त्यांचे एकूण 28 कारखाने. चिठ्ठ्या टाकाव्यात तशी निवड करून 11 कंपन्यांना पूर्ण सल्ला दिला आणि 6 तुलनेसाठी ठेवल्या.

सल्ला देणारे एका आंतरराष्ट्रीय सल्लागार कंपनीचे लोक होते. पहिला महिना दोन्ही गटांत फक्त पाहणीचा. त्यानंतर चार महिने पहिल्या गटात प्रत्यक्ष बसवणी. एकूण 38 पद्धती तपासल्या: यंत्रांची देखभाल, जागेची शिस्त, दोषांची नोंद, सुताचा साठा, माणसांची कामगिरी, ऑर्डरींचे नियोजन. मालकांना पैसे द्यावे लागले नाहीत. बाजारभावाने हाच सल्ला एका कारखान्याला अडीच लाख डॉलरच्या घरात गेला असता.

सुरुवातीला तिथे काय दिसले?

विणकामाच्या कारखान्यात पाय ठेवलेल्या कुणालाही ओळखीचे वाटेल असेच. मागांमधल्या वाटेवर कचरा आणि हत्यारे पसरलेली. गोदामात सुताच्या गोण्या लेबलाशिवाय, ओल लागलेल्या, कुठला काउंट (सुताची जाडी-बारकी) कुठल्या ढिगात ते एका जुन्या माणसालाच ठाऊक. सुट्या भागांची खोली म्हणजे भंगाराचे दुकान. कापडातले दोष मागावर थांबवण्याऐवजी शेवटी तपासणीच्या टेबलावर शोधायचे आणि मग हाताने दुरुस्त करायचे, यातच मनुष्यबळाचा मोठा भाग खर्ची पडत होता. 38 पैकी साधारण चतुर्थांश पद्धतीच वापरात होत्या. आणि हे बुडीत कारखाने नव्हते बरं का, वर्षानुवर्षे चाललेले, नफ्यातले होते.

निकाल काय लागला?

पूर्ण सल्ला मिळालेल्या कारखान्यांत वापरातल्या पद्धती जवळपास 38 टक्के-बिंदूंनी (म्हणजे टक्केवारीतल्या थेट फरकाने) वाढल्या, तर नुसती पाहणी झालेल्यांत 12 ने. पहिल्या वर्षात उत्पादकता 17 टक्के वाढली. दोष कमी झाले, साठा उतरला, उत्पादन चढले. दर कारखान्यामागे वर्षाला तीन लाख डॉलरहून जास्त नफा वाढल्याचा लेखकांचा अंदाज आहे, म्हणजे बाजारभावाने सल्ल्याचे पैसे मोजले असते तरी ते वर्षभरात वसूल झाले असते. तीन वर्षांत या कंपन्यांनी तुलनेतल्या कंपन्यांपेक्षा जास्त नवे कारखाने उघडले.

यावर एक रास्त शंका घेतली जाते: 17 कंपन्या म्हणजे नमुना फारच लहान. खरे आहे. म्हणून त्यांनी दर आठवड्याचे आकडे दीर्घकाळ गोळा केले आणि लहान नमुन्याला चालणाऱ्या संख्याशास्त्रीय कसोट्या लावल्या. आमच्या मते दिशेबद्दल वाद नाही. 17 टक्के हा आकडा मात्र आपल्या धंद्याला जसाच्या तसा चिकटवू नये.

इतका फायदा होता, तर मालकांनी हे आधीच का केले नव्हते?

संपूर्ण अभ्यासातला सर्वांत मोलाचा भाग हाच. रोजची आढावा बैठक, साठ्याची ठरलेली मर्यादा, कामाची लिखित पद्धत अशा काही गोष्टी मालकांनी ऐकलेल्याच नव्हत्या. दोषांची नोंद वगैरे ऐकलेले होते, पण ‘आमची क्वालिटी शेजारच्यापेक्षा वाईट नाही, धंदा चालू आहे, मग कशाला?’ हा हिशेब होता. शेजारीही तसाच असल्यामुळे तो हिशेब खोटा ठरत नव्हता.

तिसरा अडसर वेळेचा. हे सगळे घरचे धंदे. मोठे निर्णय घरातलाच माणूस घेणार, बाहेरच्या मॅनेजरला किरकोळ खरेदीपलीकडे अधिकार नाही, कारण सूत बाहेर जाईल ही भीती. फसवणूक झाली तर कोर्टात न्याय कधी मिळणार, हे मालकाला चांगले ठाऊक असते. परिणामी कंपनी किती मोठी होणार हे तिच्या व्यवस्थापनापेक्षा घरात कर्ते पुरुष किती, यावर ठरत होते. भाऊ तीन तर कारखाने तीन. मुलींचा विचार या हिशेबात कुणी करत नव्हते, हेही नोंदवून ठेवायला हवे.

चांगल्या पद्धतीच्या कंपन्या वाईट कंपन्यांना बाजारातून हटवत का नाहीत?

वरच्याच कारणामुळे. चांगल्या मालकाला दुसरा, तिसरा, दहावा कारखाना काढायचा तर विश्वासाची माणसे हवीत. ती नाहीत म्हणून तो दोनवर थांबतो आणि उरलेला बाजार ढिल्या कारखान्यांना मिळतो.

हे बदल टिकले का?

2017 साली, म्हणजे सुमारे नऊ वर्षांनी, संशोधक परत गेले. बसवलेल्या पद्धतींपैकी साधारण निम्म्या बंद पडल्या होत्या. तरीही सल्ला मिळालेले आणि न मिळालेले यांच्यातला फरक स्पष्ट होता. एकाच मालकाच्या दुसऱ्या कारखान्यांत पद्धती पसरल्या, पण एका कंपनीतून दुसऱ्या कंपनीत फारशा गेल्या नाहीत. पद्धती का सुटल्या याची दोन कारणे पुन्हा पुन्हा सांगितली गेली: मॅनेजर सोडून गेला, आणि मालकाला वेळ उरला नाही.

आमच्याकडे 24 माग आहेत. सल्लागार परवडत नाही. काय करता येईल?

एकदम 38 पद्धतींच्या मागे लागू नका. या क्रमाने जा.

पहिला महिना फक्त नोंदीचा. प्रत्येक पाळीला, प्रत्येक मागाचे उत्पादन मीटरमध्ये लिहा आणि ते शक्य उत्पादनाशी ताडून पाहा. हिशेब साधा आहे: मागाचा वेग गुणिले मिनिटे, भागिले इंचाला पिक (म्हणजे बाण्याचे आडवे धागे). समजा वेग मिनिटाला 300 पिक, पाळी 8 तासांची, कापडाला इंचाला 60 पिक. 300 गुणिले 480 भागिले 60 म्हणजे 2,400 इंच, साधारण 61 मीटर. पाळीत 45 मीटर निघाले, तर मागाची कार्यक्षमता 74 टक्के. उरलेले 16 मीटर कुठे गेले, हा उद्याच्या चर्चेचा विषय. माग का थांबला त्याची चारच कारणे छापून ठेवा: ताणा तुटला, बाणा तुटला, बीम (ताण्याचा रूळ) बदलली, बिघाड किंवा वीज. कामगाराने खूण करायची, निबंध लिहायचा नाही. रकाने दहाच्या वर गेले की पाळी संपताना अंदाजाने भरले जातात.

दुसऱ्या महिन्यात दोषांचा तक्ता. दोषाचा प्रकार, मागाचा नंबर, पाळी आणि किती मीटरवर, एवढेच. महिनाअखेरीस बेरीज केली की बहुतेक वेळा दोष मोजक्या मागांवर आणि दोन-तीन प्रकारांत गोळा झालेले दिसतात. तेवढेच आधी हातात घ्या.

तिसऱ्या महिन्यात गोदाम. प्रत्येक गोणीला काउंट, लॉट, पार्टी आणि आल्याची तारीख असे लेबल. मग मर्यादा ठरवा. रोज 120 किलो सूत लागते आणि मागवल्यापासून 6 दिवसांत येते, तर 720 किलो. अडचणीसाठी आणखी 2 दिवसांचे 240 किलो. म्हणजे 960 किलो. गोदामात 4,000 किलो पडले असेल तर 33 दिवसांचे सूत तुम्ही व्याजाने सांभाळत आहात. भाव वाढणार म्हणून मुद्दाम घेतलेला साठा वेगळ्या रकान्यात दाखवा. तो सट्टा आहे, साठा नव्हे, आणि तसे लिहिले की डोक्यात गोंधळ होत नाही.

यात हमखास चुकते ते काय?

दंड. पहिल्याच महिन्यात दोषांवरून पैसे कापले की दोष वहीतून नाहीसे होतात, कापडातून नव्हे. दुसरी चूक म्हणजे फक्त मीटरवर बक्षीस देणे. जॉबर (मागांची देखरेख करणारा) आणि कामगार दोघेही तुटलेली तार तशीच ओढतात आणि मेंडिंगचे, म्हणजे कापड हाताने दुरुस्त करण्याचे, काम वाढते. बक्षीस द्यायचे तर चांगल्या मीटरवर, तपासणीनंतर. तिसरी चूक, आकडे संगणकात आणि बैठक मात्र नाही. न वाचलेली नोंद ठेवायला पंधरा दिवसांनी कुणी तयार होत नाही, आणि त्यात त्या माणसाचे काही चुकत नाही.

आता अनिश्चिततेकडे. ‘थांबून बघू’ हा भित्रेपणा आहे का?

नाही, पुष्कळदा तो शहाणपणा असतो आणि आकड्यांत दाखवता येतो. समजा नवा माग 25 लाखांचा, तो पुन्हा विकायचा तर 15 लाख मिळतात. मोठी ऑर्डर राहणार की जाणार हे सहा महिन्यांत कळेल, शक्यता निम्मी-निम्मी. आज घेतला तर सहा महिन्यांत 2 लाख मिळतील, पण ऑर्डर गेली तर 10 लाख बुडतील, म्हणजे सरासरी 5 लाखांची जोखीम. 2 लाखांसाठी 5 लाखांची जोखीम का घ्यावी? थांबा. हाच माग 22 लाखांना परत विकला जात असेल तर सरासरी जोखीम दीड लाखाची उरते, मग घ्या. म्हणजे प्रश्न धैर्याचा नसून निर्णय उलटवायला किती खर्च येतो याचा आहे. कायमचा कामगार, जमीन, इमारत यांना हाच हिशेब लागू.

सगळ्यांनी असे थांबायचे ठरवले तर?

हाच ब्लूम यांच्या 2009 च्या निबंधाचा विषय. शेअर बाजारातल्या चढउताराच्या निर्देशांकावरून त्यांनी क्युबाचे क्षेपणास्त्र संकट, केनेडींची हत्या, तेलसंकट, 11 सप्टेंबर 2001 असे 17 धक्के वेगळे काढले. अशा धक्क्यानंतर गुंतवणूक आणि नोकरभरती थबकते, उत्पादन साधारण सहा महिने घसरते आणि मग साचलेली कामे एकदम सुरू झाल्याने उसळी घेते. उत्पादकताही मंदावते, कारण ढिला कारखाना आक्रसत नाही, चांगला वाढत नाही, सगळे जागच्या जागी. धोरणकर्त्यांनी लक्षात घ्यावे असा एक निष्कर्ष म्हणजे अनिश्चितता जास्त असताना मागणी वाढली तरी कंपन्या गुंतवणुकीने कमी प्रतिसाद देतात.

धोरणांची अनिश्चितता मोजतात ती कशी?

स्कॉट बेकर, ब्लूम आणि स्टीव्हन डेव्हिस यांनी वर्तमानपत्रे मोजली. अमेरिकेतल्या 10 मोठ्या दैनिकांत अर्थव्यवस्था, अनिश्चितता आणि धोरण या तिन्ही गटांतला किमान एकेक शब्द असलेले लेख शोधायचे, त्यांची संख्या एकूण लेखांच्या प्रमाणात काढायची आणि सरासरी 100 धरून निर्देशांक करायचा. यंत्राची मोजणी बरोबर आहे का हे पाहायला माणसांकडून सुमारे 12,000 लेख वाचून घेतले.

भारताचा निर्देशांक सात इंग्रजी वृत्तपत्रांवर बेतलेला आहे. म्हणून तो दिल्ली-मुंबईची धाकधूक चांगली पकडतो. यंत्रमागाच्या वीजदर सवलतीवरून इचलकरंजीत उडालेली धांदल त्यात दिसेल अशी अपेक्षा धरू नका.

कंपनीपुरती अनिश्चितता मोजता येते?

येते, आणि आम्ही तर म्हणू की हीच पद्धत घरी नेण्यासारखी आहे. अमेरिकेत अटलांटाच्या फेडरल रिझर्व्ह बँकेसोबत आणि ब्रिटनमध्ये बँक ऑफ इंग्लंडसोबत ब्लूम यांनी उभ्या केलेल्या सर्वेक्षणांत अधिकाऱ्यांना ‘पुढच्या वर्षी विक्री किती?’ असे एकच उत्तर मागत नाहीत. पाच शक्यता मागतात, फार वाईट ते फार चांगली, आणि प्रत्येकीला किती टक्के संधी तेही. बेरीज 100 झाली पाहिजे. दोन भावांनी वेगवेगळ्या कागदांवर हे लिहिले तर भांडण कशावरून आहे ते दहा मिनिटांत कळते: अंदाजावरून की जोखमीवरून.

घरून काम करण्यावरही त्यांचेच संशोधन आहे ना?

हो. शांघायमधल्या सीट्रिप या प्रवास कंपनीच्या कॉल सेंटरमध्ये नऊ महिने प्रयोग झाला. वाढदिवसाची तारीख सम असलेले घरी, विषम असलेले कार्यालयात. घरच्यांची कामगिरी 13 टक्के वाढली, त्यातला मोठा वाटा सुट्या आणि मधली विश्रांती कमी झाल्याचा. नोकरी सोडण्याचे प्रमाण निम्मे झाले. घरी बसून एकटे पडल्याने अनेकांनी नंतर कार्यालयच पसंत केले. 2024 मध्ये छापलेल्या दुसऱ्या प्रयोगात, त्याच कंपनीतल्या 1,612 जणांपैकी ज्यांना आठवड्यातून दोन दिवस घरून काम मिळाले त्यांच्यात राजीनामे तिसऱ्या हिश्श्याने घटले, कामाच्या मूल्यमापनात फरक पडला नाही. पुण्यातल्या आयटी कंपनीला यातून काही घेता येईल, मागावरच्या कामगाराला नाही.

अनिश्चितता आणि व्यवस्थापन यांचा एकमेकांशी काय संबंध?

2008 नंतरच्या मंदीवरच्या एका अभ्यासात, ज्या क्षेत्रांत उलथापालथ जास्त झाली तिथे कारखान्याच्या मॅनेजरला जास्त अधिकार दिलेल्या कंपन्या तुलनेने सावरलेल्या दिसल्या. कारण समजण्यासारखे आहे: बाजार रोज बदलत असेल तर बदल आधी मागाशी आणि गिऱ्हाइकाशी उभ्या माणसाला कळतो, मालकाच्या केबिनपर्यंत बातमी येईतो उशीर होतो. पण अधिकार द्यायला विश्वास लागतो. इथे नोंदींचा दुहेरी उपयोग होतो. सुताची आवक, वापर आणि घट रोज लिहिली जात असेल तर चोरीची भीती आकड्यांत तपासता येते आणि मॅनेजरच्या सहीची मर्यादा थोडी थोडी वाढवता येते.

मालक बाहेरगावी असेल त्या दिवशी आढावा बैठक घ्यायची का?

घ्यायचीच. वेळ ठरलेली, उभ्याने, पंधरा मिनिटे, कालचा तक्ता समोर. मालक नसताना कोण घेणार त्याचे नाव फलकावर आधीच लिहिलेले असू द्या, आणि तो नसेल तर कोण, तेही.